बोलावून आणलेला नवरंग

गेल्या जानेवारीत दक्षिण गोव्यातल्या खोतीगावला एक नवरंग मी दहा-बारा हातांवरून पाहिला. इतक्या जवळून, इतक्या स्वच्छ उजेडात हा पक्षी क्वचितच कुणाला दिसतो. पण त्याची आठवण आली की आनंदाच्या आधी काहीतरी टोचतं. ते नेमकं काय आहे, हे एकदा नीट मांडावं म्हणून लिहायला बसले आहे.

सकाळचे सात वाजून गेले होते. अभयारण्याच्या कडेने जाणारी पायवाट, खाली आटत आलेला ओहोळ, माटी आणि किंदळीच्या झाडांतून उतरणारं तिरपं ऊन. आम्ही घरची माणसं आणि आदल्या दिवशी ओळख झालेलं पुण्याचं एक वयस्कर जोडपं. वाटाड्या तिथल्याच वाड्यावरचा तिशीतला तरुण, पायांत रबरी चपला, गळ्यात दुर्बीण. त्याचे कान विलक्षण होते. आम्हाला जिथे नुसता किलबिलाट ऐकू येत होता, तिथे तो चालता चालता हळू आवाजात नावं सांगत होता. मग एका वळणावर तो थांबला, खिशातून मोबाईल काढला, बोटाएवढा स्पीकर एका दगडाआड ठेवला आणि दोन सुरांची एक शीळ वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा वाजवायच्या आतच ओहोळाच्या पात्रातून उत्तर आलं.

तो आला तो उडत नव्हे, टुणटुण उड्या मारत, पाचोळ्यावरून. पाठ हिरवी, पंखाच्या खांद्यावर निळ्या रंगाचा चकाकता पट्टा, पोट मातकट पिवळं आणि आखूड शेपटीखाली कुंकवासारखा लाल. डोळ्यांवरून गेलेली रुंद काळी पट्टी, तिच्यावर पांढरी भुवई. तो एका दगडावर चढला, पाय ताठ केले, मान मागे टाकून शीळ घातली आणि गप्प राहिला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. स्पीकर पुन्हा वाजला. तो उडून पायवाटेच्या पलीकडे गेला, तिथून पुन्हा अलीकडे आला. कॅमेरे खटाखट चालले होते. माझी पुतणी श्वास रोखून माझ्या दंडाला धरून उभी होती, तिचे डोळे मी अजून विसरलेले नाही. स्पीकर आणखी एकदा वाजला, तेव्हा नवरंग त्याच्या इतक्या जवळ आला की पायाने तो ढकलेल असं वाटलं. त्याच्या चोचीत मघाशी जे काही होतं ते आता नव्हतं. खाणं टाकून तो आला होता.

"भाऊ, पुरे आता. बंद करा," मी म्हटलं.

त्याने तत्काळ बंद केलं, कुरकुर न करता. नवरंग क्षणभर थांबला आणि ओहोळात उतरून दिसेनासा झाला. तेव्हा कळलं की पुण्याचे काका नुकतेच वळणावर पोहोचत होते. त्यांचे गुडघे दुखरे, हातात काठी, ती चढण त्यांनी हळूहळू चढली होती आणि दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत सगळं संपलं होतं. ते काही बोलले नाहीत, उलट हसले. काकू मात्र हलक्या आवाजात म्हणाल्या, "यांना दिसलाच नाही हो नीट." परतीच्या वाटेवर आमच्यात कुणीच फारसं बोललं नाही.

मी म्हटलं ते बरोबरच होतं, आजही म्हणेन. पण त्या वाक्याची किंमत काकांनी चुकवली. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि त्यातून सुटका होत नाही.

माझ्या दिराने तीन-चार वर्षांपूर्वी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि फोंड्यातल्या एका सुताराकडून आतून बदलून घेतली. दोन बाके आहेत, रात्री त्यांचे बिछाने होतात. मागे गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, भांड्यांसाठी फळी, खिडक्यांना जाड पडदे. सगळे तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. रस्त्याकडेला कुठेही चूल मांडायची नाही हा तिचा पहिला नियम. कुणाचं तरी अंगण, देवळाची पटांगणं, ओळखीच्याची काजूची बाग, तिथे विचारून गाडी उभी करायची आणि निघताना जागा होती तशी ठेवायची. गोव्याला लांबी ती किती? पेडण्याहून पोळ्यापर्यंत माणूस दिवसात जाऊन येतो. तरी मुक्कामाला म्हणून गेलं की तीच जागा वेगळी होते, कारण पहाट तिथेच उजाडते. समुद्राच्या, किल्ल्यांच्या सहली करून मी कंटाळले होते. पक्ष्यांसाठी गाडी बाहेर पडू लागली तेव्हा मला माझाच तालुका नव्याने दिसू लागला.

आणि गाडीचा एक गुण आम्हाला पहिल्याच मुक्कामात कळला. पक्षी गाडीला भीत नाहीत, माणसाच्या आकाराला भितात. इंजिन बंद करून, काच उतरवून, पडद्यामागे स्वस्थ बसलं की अर्ध्या तासात ते तुम्हाला हिशोबातून काढून टाकतात. करमळीच्या तळ्यावर आम्ही असे बसलो होतो. पाण्यावर धुकं, कमळाच्या पानांवर चालणारे कमळपक्षी, त्यांच्या त्या अजस्र लांब बोटांखाली पान थोडंसं दबतं, त्यावर पाणी येतं, तोवर पक्षी पुढच्या पानावर. गवतातून जांभळ्या पाणकोंबड्या बाहेर येत होत्या, एकेक पाय उचलून, लव्हाळ्याची कांडी पायात धरून, सोलून खात. अडई बदकांचा थवाच्या थवा पाण्यावर पसरलेला, त्यांच्या शिट्ट्या सतत चाललेल्या. कडेला हळदीकुंकू बदकं, मध्येच उत्तरेकडून आलेली लांब शेपटीची तलवार बदकं आणि रुंद चोचीची थापट्या. कोकण रेल्वे तळ्याला लागूनच जाते. धडधडत एक गाडी गेली, थोड्या वेळाने दुसरी. एकाही बदकाने मान वर केली नाही. मग पुतणीला शिंक आली, तिने बाहेर जाण्यासाठी दार सरकवलं, आणि त्या सरकण्याच्या आवाजानेच आमच्या बाजूचं सगळं पाणी रिकामं झालं. रेल्वे त्यांना पाठ आहे. आम्ही पाहुणे.

हे तळं कुणी पक्ष्यांसाठी बांधलं नव्हतं, शेताच्या पाण्यासाठी बांधलं होतं. कुडचड्याचं नंदा तळंही तसंच. शेजारच्या शेतांना पाणी देण्यासाठी गावाने ते अडवून ठेवायचं आणि त्या पाण्यावर थंडीत पाहुणे उतरायचे. २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला, गोव्यातली ती पहिली पाणथळ जागा, जेमतेम ४२ हेक्टर. चोडण बेटावरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य तर दोन चौरस किलोमीटरही नाही. गोव्यात पक्ष्यांच्या साडेचारशेच्या वर जाती नोंदल्या गेल्यात, आणि त्यांतल्या कित्येक अशाच चिंचोळ्या, माणसांच्या पाट-बांधांना चिकटलेल्या जागांवर जगतात. आमच्याकडे जंगल एकीकडे आणि गाव एकीकडे अशी रेघ नाही. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, मानशीवर, पाणी सोडायच्या दारावर, खंड्या बसतो, त्याच मानशीच्या फळ्या उघडून माणूस मासे धरतो. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, आणि त्याच पाण्याकाठच्या काही गावांत पौषातल्या अमावस्येला चिखलाची मगर करून, शिंपल्या लावून, तिची पूजा होते. मगरीला हाक मारून कुणी बोलावत नाही. बांध राख, आम्हाला सांभाळ, एवढंच सांगतात.

चोडणला फेरीबोटीतून गाडी नेली त्या सकाळी ओहोटी होती. खारफुटीच्या उघड्या मुळांवर निवट्या उड्या मारत होत्या, एका मोठ्या नांगीचे खेकडे ती नांगी वर-खाली करत बिळाच्या तोंडाशी उभे होते. आम्ही आलो होतो काळ्या टोपीच्या खंड्यासाठी. तो काही दिसला नाही. आणि अचानक, चिखलाच्या घसरणीवरून तीन पाणमांजरं पाण्यात उतरली. पुढचं एक बोटभर मासा तोंडात धरून पोहत होतं, मागची दोन त्याच्याशी भांडत होती. चिरके, ओले आवाज. ती आमच्याकडे बघतही नव्हती. बघता बघता वळणाआड गेली. दीर, जो सहसा बोलत नाही, म्हणाला, "वहिनी, आजचं पोट भरलं." मनाजोगता पक्षी न दिसता घरी येणं मला कधी जड गेलेलं नाही, कारण असं काही ना काही पदरात पडतंच. पण माझं ठीक आहे. मी इथे राहते. मला उद्या आहे, परवा आहे. पुण्याच्या काकांना एकच सकाळ होती.

घरी तर आम्हाला गाडीचीही गरज नसते. सावईवेऱ्याला आमचं कुळागर घराच्या मागेच उतरतं. पोफळी, मध्येमध्ये माड, पोफळींवर चढलेली मिऱ्यांची वेल, केळी, जायफळ, वरच्या बाजूला फणस. पाटाचं पाणी बारा महिने खेळतं. परसात दयाळ असतो, शिपाई बुलबुल, चैत्रात तांबटाची ठोक-ठोक. भारद्वाज सकाळी कुंपणावर चढून पंख पसरून ऊन खातो. पावसाळ्यात ओहोळावर शीळकरी कस्तुर अंधारातच सूर लावतो, लांबलचक, तंद्रीतल्या माणसाने घातल्यासारखी शीळ. सासूबाई त्या आवाजावर चहाचं आधण ठेवतात. काजऱ्याची फळं पिकली की ककणेर, म्हणजे धनेश, येतात, पंखांचा असा घोंगावणारा आवाज करत की घरात बसूनच कळावं. माघानंतर जोडीतला एकटाच नर दिसू लागतो. मादीने ढोलीत स्वतःला लिंपून घेतलेलं असतं, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तिचं आणि त्यांचं पोट हा नर एका फटीतून भरत असतो. त्या दिवसांत काजऱ्याखाली कुणी मोठ्याने बोललेलं सासूबाईंना खपत नाही.

पोफळीच्या खोडावर उडता सरडा असतो, तो मला कितीतरी वर्षं दिसलाच नव्हता. खोडाच्याच रंगाचा, खोडाला चिकटलेला. नर मध्येच गळ्याखालची पिवळी पडदी उघडतो, मिटतो, उघडतो. ती पिवळी उघडझाप एकदा नजरेत बसली की मग तो दर दुसऱ्या पोफळीवर दिसतो. एकदा माझ्या डोक्यावरून तो या पोफळीवरून त्या पोफळीवर गेला, फासळ्यांवरचे पडदे पसरून, एकही फडफड न करता, उतरताना थोडा वर वळला आणि खोडाला येऊन चिकटला.

नवरंग येतो दसऱ्याच्या आगेमागे. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतापर्यंतच्या रानांत वीण उरकून हे पक्षी थंडीसाठी दक्षिणेकडे उतरतात, रात्री उडतात, आणि पहाटे जिथे ओल असेल, सावली असेल तिथे टेकतात. आमच्याकडे त्याची पहिली चाहूल सासूबाईंना लागते. दिवेलागणीला गोठ्यामागून दोन सुरांची शीळ येते आणि त्या माजघरातून म्हणतात, "आला गो." एका वर्षी तो शिळेआधीच भेटला. पहाटे पडवीत काचेच्या तावदानाखाली एक नवरंग पडलेला होता, रात्रीच्या उड्डाणात थकून काचेवर आपटलेला. डोळे अर्धे मिटलेले. मी त्याला दोन्ही हातांनी उचललं. साठ ग्रॅमच्या आतबाहेर वजन त्या एवढ्या रंगांचं, आणि त्या वजनात काळजाची धडधड एवढी जलद की वेगवेगळे ठोके कळतच नव्हते. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून, आत मऊ फडकं घालून त्याला अंधारात ठेवलं. पाणी पाजायचं नाही, उघडून उघडून पाहायचं नाही, एवढंच मला ठाऊक होतं. संध्याकाळी कुळागरात नेऊन खोकं आडवं केलं, झाकण काढलं आणि मी मागे सरले. तो थोडा वेळ तसाच बसला. मग बाहेर आला, एक सुकलेलं जायफळीचं पान चोचीने उलटवलं आणि त्याखालचं काहीतरी खाल्लं. एवढं सगळं भोगून त्याची पहिली कृती ती होती.

हे पान उलटवणं मी मग पुष्कळदा पाहिलं, मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, पायरीवर बसून. चार उड्या मारायच्या, थांबायचं, मान तिरकी करायची. मग चोचीने पान धरून बाजूला झटकायचं. सगळी पानं नाही, एखादंच, निवडून. गांडूळ मिळालं की ते ओढताना तो मागे रेलतो, पाय रोवून. गिळतो, चोच मुळावर पुसतो आणि पुन्हा चार उड्या. जानेवारीत भोवतालच्या डोंगरांवरची जमीन दगडासारखी होते, पण पाटाच्या पाण्याने कुळागरातली माती मऊ राहते, वर पातेरा असतो, त्याखाली किडे, गोगलगायी, गांडुळं. त्याला दुसरं काही नको असतं. वैशाखापर्यंत तो तिथे असतो. त्याचा ठराविक पट्टा असतो, दुसरा नवरंग तिथे आला तर तो खपवून घेत नाही. हिवाळ्यातही तो आपल्या तेवढ्या जमिनीची राखण करत असतो.

म्हणून तर मोबाईलची शीळ चालते.

ती शीळ त्याला मैत्रीचं आमंत्रण वाटत नाही. माझ्या जागेत दुसरा घुसला, असं त्याला वाटतं. तो भुकेचं काम सोडून भांडायला येतो आणि समोर कुणीच नसतं. पुन्हा आवाज येतो, तो पुन्हा धावतो. एका पक्ष्याला एका सकाळी हे एकदा झालं तर त्याचं फारसं बिघडत नसेल. पण चांगली जागा सगळ्यांना माहीत होते, आणि मोसमात रोज कुणी ना कुणी त्याच दगडाआड स्पीकर ठेवतो. पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्या मातीच्या बांधात बीळ करून अंडी घालतो, त्याला असं बिळावरून हुसकावलं तर काय होईल हे सांगायला नको. पूर्वी घाटावर तितर पकडणारे पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवत. तो ओरडला की रानातला तितर चवताळून यायचा आणि फाशात अडकायचा. आपण फासा लावत नाही, फोटो काढतो, हा फरक मोठा आहे. बोलावण्याची युक्ती मात्र तीच आहे.

बोलावणं आपल्याला नवं नाही. सासरे गेले तेव्हा दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवून आम्ही सगळे उभे होतो. कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. माणसं हात जोडून, आवाज न करता, एकेक गोष्ट बोलत होती. गाय विकणार नाही, धाकट्याचं शिक्षण अडू देणार नाही, आईला एकटी ठेवणार नाही. तासभर गेला. भटजींनी दर्भाचा कावळाही करून ठेवला होता. शेवटी एक कावळा उतरला, दीर आईबद्दल बोलला त्यानंतर, आणि शिवला. त्यात योगायोग किती, कावळ्याची भूक किती, हा प्रश्न मी तिथे स्वतःला विचारला नाही आणि आजही विचारत नाही. पण तो तासभर मला आठवतो. कावळ्याला फसवून खाली उतरवावं असं तिथल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. तो आला तर त्याच्या मर्जीने, हेच त्या सगळ्याचं मोल होतं. नाही आला तर दर्भाचा होता. तो दर्भाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

खोतीगावच्या त्या वाटाड्याशी मी नंतर बोलले. त्याच दिवशी, दुपारी, गाडीपाशी चहा घेताना. मला त्याला शिकवायचं नव्हतं, त्याला माझ्याहून कितीतरी जास्त येतं. त्याचे आजोबा रानात जात ते शिकारीला, हे त्याने आपणहून सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, मला काय हौस आहे? लोक यादी घेऊन येतात. नवरंग, बेडूकतोंड्या, तिबोटी. दोन दिवसांत सगळं पाहिजे. नाही दिसलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याला नेतात, त्याच्याकडे मोठा स्पीकर असतो." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि मी तोंडाने शीळ घातली तरी तो येतोच." ते त्याने करून दाखवलं नाही, आणि त्याबद्दल मला तो फार आवडला. त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. ज्या मुलाच्या आजोबांनी तो पक्षी पोटासाठी मारला असता, तो आज त्याच पक्ष्याच्या जिवंत असण्यावर घर चालवतो, ही लहान गोष्ट नाही. त्याला पैसे पक्षी दाखवल्याचे मिळतात. शोधल्याचे, थांबल्याचे, ऐकवल्याचे मिळत नाहीत. हा दोष त्याचा नाही. यादी घेऊन जाणाऱ्यांचा आहे, आणि यादी म्हणजे आपणच.

पुतणीने त्या सकाळी पहिल्यांदा दुर्बिणीतून पक्षी नीट पाहिला. तेव्हापासून ती वहीत चित्रं काढते, पक्ष्यांचे आवाज ऐकून ओळखते, तिच्या शाळेतल्या दोघी-तिघींना तिने हे वेड लावलंय. ते सगळं त्या स्पीकरच्या आवाजाने सुरू झालं. हे मी नाकारू शकत नाही. तिला तो क्षण मिळाला याचा मला आनंद आहे, आणि तो तसा मिळायला नको होता असंही वाटतं. तिला मी हे सांगितलं तेव्हा तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "पण काकी, मग मला काय दिसलं असतं?" कदाचित काहीच नाही. कदाचित ओहोळाच्या पलीकडे हललेलं एक पान. मी तिला खोटं आश्वासन दिलं नाही.

यंदा डिसेंबरात गाडी पुन्हा तिकडे न्यायची आहे. पुढे गालजीबागला एक रात्र, कासवं वर येण्याच्या दिवसांत. तिथे बोलावण्याचा प्रश्नच येत नाही. वाळूवर लांब, अंधारात, दिवे बंद करून बसायचं. आली तर आली. ती आली तरी तिच्या वाटेत जायचं नाही. त्याआधी मी वाटाड्याला फोन केला. म्हटलं, त्या वळणाखाली ओहोळात एक सपाट खडक आहे, पहाटे साडेसहापासून आम्ही तिथे बसू, तुम्ही बरोबर बसा, फोन गाडीत राहील. तो म्हणाला, "आणि नाही आला तर?" मी म्हटलं, मजुरी तेवढीच, शिवाय तासाभराची जास्त. तो हसला. मग आपणहून म्हणाला, खडक नको, त्याच्या खाली वीस पावलांवर एक उंबर पडलाय, त्याच्या आडोशाला बसू, तिथे तो रोज उतरतो. हे त्याला ठाऊक होतं. जानेवारीतही ठाऊक असणार. तेव्हा त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

पुण्याच्या काका-काकूंना मी नोव्हेंबरात आमच्याकडे राहायला बोलावलंय. काकांना चढायचं नाही, उतरायचं नाही. मांगराच्या पायरीवर खुर्ची ठेवायची आणि उजाडायच्या आधी बसायचं. एक सकाळ नाही जमली तर दुसरी, घाई नाही. सासूबाईंनी काकूंसाठी आत्ताच सोलकढीची कोकमं बाजूला काढून ठेवलीत.

फक्त पातेऱ्याची भानगड आहे. दसऱ्यानंतर गडी कुळागर झाडून घेतात, पाला कडेला नेऊन जाळतात. त्यालाही कारण आहे. पिकलेली सुपारी गळून पानांत पडली की शोधताना दिवस जातो, काही सापडतही नाही, आणि सुपारीचा भाव काय आहे ते बागायतदाराला सांगायला नको. ह्यांचं म्हणणं रास्त होतं, आठवडाभर आमची त्यावरून बोलाचाली झाली. शेवटी असं ठरलं: वरच्या ओळी नेहमीसारख्या झाडायच्या. ओहोळाकडच्या खालच्या ओळींना केरसुणी लावायची नाही, आणि तिथली सुपारी गळू न देता झाडावरूनच उतरवायची. त्यासाठी झाडावर चढून सुपारी उतरवणाऱ्या पाडेल्याला मोसमात जास्तीचे दोन फेरे घालावे लागतील. त्याच्याशी बोलणं झालंय, तो तयार आहे. त्या दोन फेऱ्यांचे पैसे माझ्या मिऱ्यांच्या विक्रीतून जातील.